मन हलकं करणारा सिनेमा कुठं लागलाय?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय तसा साधा आहे. शुक्रवार-शनिवार आला की घराघरात कुणीतरी कुणाला तरी विचारतं, "काही चांगलं लागलंय का गं?" यातला "चांगलं" हा शब्द नीट ऐका. विचारणाऱ्याला उत्तम छायाचित्रण नको असतं, पुरस्कारांची यादी नको असते. त्याला म्हणायचं असतं की आठवडा वाईट गेलाय, अडीच-तीन तास बसायची तयारी आहे, तिकिटाचे पैसे द्यायची तयारी आहे, पण बाहेर पडताना जरा बरं वाटलं पाहिजे. आत गेलो त्यापेक्षा थोडं हलकं होऊन बाहेर यायचंय. बस, एवढंच.

आणि एवढंच शोधणं महाकठीण आहे. भाजी निवडावी तसा सिनेमा निवडता येत नाही. दाबून बघता येत नाही, वास घेता येत नाही.

आता मोबाइलवर तिकीट काढताना काय दिसतं बघा. भाषा दिसते, वेळ दिसते, टूडी की थ्रीडी ते दिसतं, खुर्ची कुठली ते दिसतं. आणि एक शब्द दिसतो, "ड्रामा". किंवा "फॅमिली". ड्रामा म्हणजे काय? सासूनं सुनेला छळलं तरी ड्रामा आणि बापलेकीनं मिळून बाग लावली तरी ड्रामाच. "फॅमिली" म्हटलं म्हणजे सगळ्यांनी मिळून बघायचं, एवढा अर्थ कळला. पण सगळ्यांनी मिळून रडायचं की हसायचं, ते कुठं लिहिलंय?

मग आपण सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघतो. आपल्याकडे पूर्वी नुसतं यू, यूए आणि ए होतं, आता २०२४ पासून यूएमध्येही ७ वर्षांपुढे, १३ वर्षांपुढे, १६ वर्षांपुढे असे भाग झालेत. लहान मुलं असलेल्या घरांना याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पण ते वयाचं प्रमाणपत्र आहे. तुमचं वय ६५ असेल आणि मन आत्ता ७ वर्षांच्या मुलासारखं घाबरलेलं असेल, तर त्याची नोंद कुठल्याच पाटीवर नसते.

ट्रेलरचं तर बोलूच नका. अख्ख्या सिनेमातले पाच विनोद ट्रेलरमध्ये घालतात आणि आत गेल्यावर कळतं की तेवढेच पाच होते.

त्यात आपली मराठी प्रेक्षकांची एक गंमत आहे. कुणी सिनेमा बघून आलं की आपण विचारतो, "कसा होता?" आणि समोरचा अभिमानानं सांगतो, "काय सांगू, रडून रडून रुमाल भिजला!" हे कौतुक असतं! आपल्याकडे चांगला सिनेमा म्हणजे रडवणारा सिनेमा, हे फार आधीच ठरून गेलंय. १९५४ साली पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. त्यानंतर मराठी सिनेमाला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुन्हा मिळायला जवळजवळ ५० वर्षं गेली, तो मिळाला 'श्वास'ला. एकात आई जाते, दुसऱ्यात मुलाचे डोळे. मी दोन्ही सिनेमांना नावं ठेवत नाहीये, 'श्वास'बद्दल तर आज बरंच चांगलं बोलणार आहे. पण रुमाल भिजला म्हणजे सिनेमा चांगला, हे समीकरण असलेल्या समाजात "मला बरं वाटेल असा सिनेमा सांगा" म्हणणाऱ्याची पंचाईत होते. त्याला वाटतं आपण काहीतरी हलकं, कमी दर्जाचं मागतोय. तो लगेच पुढं जोडतो, "म्हणजे टाइमपास असला तरी चालेल."

मला नाही वाटत ते कमी दर्जाचं मागणं आहे. का, ते सांगते.

२०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत माझे बाबा गेले. नऊ दिवस दवाखान्यात होते. त्या दिवसांत कुणाला भेटता येत नव्हतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही. आई सांगली जिल्ह्यातलं घर बंद करून पुण्याला आमच्याकडे आली. तिचं सगळं व्यवस्थित चालू होतं, म्हणजे वरवर. सकाळी उठायची, पोळ्या करायची, औषधं वेळेवर घ्यायची. पण टीव्ही आवाज बंद करून बघायची. आणि कुणाला स्वतःहून फोन करायची नाही. बहिणीचा आला तर "हो, बरी आहे" म्हणून ठेवून द्यायची.

महाराष्ट्रातली थिएटरं त्या वर्षी २२ ऑक्टोबरला पुन्हा उघडली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. दिवाळी झाली. बाबांशिवायची पहिली दिवाळी. आणि नोव्हेंबरमध्ये एक दिवस आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एखादा सिनेमा बघून येऊया का गं?" मी म्हटलं, "हो, कुठला बघायचा?" तर म्हणाली, "कुठलाही. पण त्यात दवाखाना नको. आणि भिंतीवर हार घातलेला फोटो नको."

आता मला सांगा, हे कुठल्या ॲपवर शोधायचं? दवाखाना नको, हार घातलेला फोटो नको. हिंदी आणि मराठी सिनेमातून या दोन गोष्टी वजा करा आणि किती सिनेमे उरतात ते मोजा! आपल्या सिनेमात कर्तव्यदक्ष मुलगा घराबाहेर पडताना भिंतीवरच्या फोटोकडे बघितल्याशिवाय चप्पल घालत नाही.

तेव्हा काय काय लागलं होतं? 'सूर्यवंशी' जोरात चालू होता. आईनं पेपरातली जाहिरात बघूनच नको म्हटलं, एवढे स्फोट तिला नको होते. इंग्रजीत 'इटर्नल्स' होता, तो माझ्या मुलासाठी. आणि १९ नोव्हेंबरला 'झिम्मा' लागला, हेमंत ढोमेंचा. सात बायका, वेगवेगळ्या वयाच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या, इंग्लंडच्या सहलीला निघतात. वर्णनावरून बरं वाटत होतं. पण वर्णनावर विश्वास कोण ठेवणार? मी पहिल्या दोन दिवसांत बघून आलेल्या मैत्रिणीला फोन केला. कसा आहे वगैरे काही विचारलं नाही, थेट विचारलं, "त्यात दवाखाना आहे का?" ती गोंधळली. म्हणाली, "अगं, आठवत नाही नक्की. पण थिएटरात बायका एवढ्या हसत होत्या, की अर्धे संवाद मला ऐकूच आले नाहीत."

मी तिकिटं काढली.

लसीचं सर्टिफिकेट मोबाइलमध्ये, तोंडावर मास्क. आम्ही दोघी एका रांगेत, मध्ये एक खुर्ची रिकामी. नियमच तसा होता. आई जरा वेळ त्या खुर्चीकडे बघत होती, मग तिनं तिच्यावर आपली पर्स आणि शाल ठेवली. सिनेमा सुरू झाला. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ती गप्प. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होते. मग निर्मिती सावंत काहीतरी बोलल्या, सगळं थिएटर हसलं, पुढच्या रांगेतली एक बाई हसत हसत मागं वळली, उगाचच, कुणाशी तरी ते हसू वाटून घ्यायला. तिला समोर माझी आई दिसली. आणि आई हसली. मास्कमुळे तोंड दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते. पुढं एका ठिकाणी तिनं डोळेही पुसले. मी घाबरले, पण ते तेवढ्यापुरतंच होतं.

बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला. सिनेमाबद्दल ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं स्वतःहून मावशीला फोन लावला आणि अर्धा तास स्टोरी सांगितली. निम्मी चुकीची सांगितली, माणसांची नावं तर सगळीच चुकवली. पण सात महिन्यांत तिनं आपणहून लावलेला तो पहिला फोन होता.

म्हणून मी म्हणते, हे हलकं मागणं नाही.

'झिम्मा' ही काही जगातली महान कलाकृती आहे असं मी म्हणणार नाही. काही प्रसंग जुळवून आणलेले आहेत, इंग्लंड जरा जास्तच स्वच्छ दिसतं. पण तो त्या दिवसात लागला आणि आठवड्यांमागून आठवडे चालला. का चालला असेल? माझं मत असं, की त्यातल्या बायकांना दुःखं आहेत, प्रत्येकीची वेगळी, आणि तरी त्या बॅग भरतात आणि निघतात. आईला तेव्हा नेमकं ते हवं होतं. दुःख नसलेली माणसं तिला बघवली नसती, कुणालाच बघवत नाहीत. सिनेमात सगळे सुखी, बंगला मोठा, पाऊस वेळेवर, असं असेल तर खचलेला माणूस आत बसून आणखी खचतो. त्याला वाटतं, हे माझ्याबद्दल नाहीच.

आणि इथं मी 'श्वास'कडे येते. माझ्या आईच्या दोन अटींपैकी पहिली तो सपशेल मोडतो. जवळजवळ सगळा सिनेमाच दवाखान्यात आहे. २००४ साली संदीप सावंतांनी केलेला. माधवी घारपुरेंच्या कथेवरून. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. निदान होतं की मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील. मुलाला हे कसं सांगायचं? हा प्रश्न डॉक्टरांपुढे आणि आजोबांपुढे. आता यात मन हलकं करणारं काय असणार? पण शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा काय करतात, तर नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात. पळवतातच म्हणा ना. दवाखान्यात हलकल्लोळ, डॉक्टर संतापलेले, आणि हे दोघं शहर बघत फिरतायत. डोळे आहेत तोवर जेवढं बघून घेता येईल तेवढं बघून घ्यायचं. अरुण नलावडेंचे आजोबा या सगळ्यात एकही मोठं वाक्य बोलत नाहीत. शिकलेले नाहीत, पैसा नाही, आजारापुढे काही चालत नाही. पण जे करता येण्यासारखं आहे ते ते करतात.

हे बघून मला तेव्हाही जड वाटलं नव्हतं. मी थिएटरातून बाहेर आले आणि घरापर्यंत चालत आले, रस्त्यातलं सगळं बघत. पाट्या, पेरूवाल्याची गाडी, सिग्नल. नेहमीचाच रस्ता, पण तो बघावासा वाटत होता. शेवटी तो मुलगा काळा चष्मा लावून गावी परततो, डोळे गेलेले आहेत, सिनेमा काही चमत्कार करत नाही. म्हणून मी रडवणारे आणि मन उभारी धरेल असे, अशी दोन खाती करत नाही. रडून मोकळं होता येतं आणि रडून गुदमरताही येतं. फरक कुठं पडतो? तर पडद्यावरच्या माणसाच्या हातात काहीतरी करण्यासारखं ठेवलंय का, इथं पडतो. नुसतं सोसणारं माणूस तीन तास बघितलं की आपणही हातपाय गाळून बसतो.

अर्थात नोव्हेंबर २०२१ मध्ये कुणी आईला 'श्वास' दाखवला असता तर मी त्या माणसाशी भांडले असते. वेळ असते प्रत्येक गोष्टीची. उपासाच्या दुसऱ्या दिवशी कुणी पुरणपोळी वाढत नाही, आधी मऊ भात वाढतात.

आईच्या माहेराकडचा एक सिनेमा आहे बघा. म्हणजे सिनेमा मुंबईचा, पण त्याचं मूळ आटपाडीकडचं. १९५७ चा, व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ'. हिंदी आहे, पण गोष्ट गदिमांची. एक जेलर सहा खुनी कैद्यांना बेड्या काढून एका ओसाड जागेवर नेतो आणि त्यांच्याकडून शेती करवून घेतो. त्याचे दोन डोळे, त्यांचे बारा हात. हे हवेतलं काही नाही. औंध संस्थानात, त्या वेळच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, खरोखरच असा प्रयोग केला होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची वसाहत ती हीच. कैद्यांनी भिंतींशिवाय राहायचं, जमीन कसायची, कुटुंब बरोबर ठेवायचं. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या इंजिनियरचा, ज्यांना भारतानंद म्हणायचे, त्यात मोठा वाटा होता. ती वसाहत अजून चालू आहे. आमच्या आजोळच्या लोकांना स्वतंत्रपूर म्हणजे येता-जाता लागणारं ठिकाण, त्यात त्यांना काही नवल वाटत नाही. "तिकडं कैदी राहत्यात" एवढं सांगतात आणि गाडी पुढं घेतात. मला हे फार आवडतं. एखाद्या सिनेमातली सगळ्यात अशक्य वाटणारी गोष्ट एखाद्या गावात नेहमीची असते.

त्या सिनेमातही शेवटी जेलर मरतो. बैलाशी झुंजीचं जे दृश्य आहे ना, ते करताना शांतारामांच्या स्वतःच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायची वेळ आली. आणि त्या अंधारात त्यांना रंग दिसायला लागले म्हणे, त्यातून पुढं १९५९ मध्ये 'नवरंग' आला. ही हकिगत ते 'नवरंग'च्या सुरुवातीला स्वतः पडद्यावर येऊन सांगतात.

कैद्यांवरून आठवलं. १९४१ चा एक अमेरिकन सिनेमा आहे, 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स', प्रेस्टन स्टर्जिसचा. आपल्या आजच्या विषयावर याच्याइतकं नेमकं कुणी बोललं नसेल. सलिव्हन हा हॉलिवूडमधला विनोदी सिनेमांचा दिग्दर्शक. त्याला विनोदाची लाज वाटायला लागते, जगात एवढं दुःख असताना आपण काय माकडचेष्टा करतोय असं वाटतं. म्हणून गरिबी म्हणजे काय ते बघायला तो फाटके कपडे घालून बाहेर पडतो आणि फिरत फिरत खरोखरच सक्तमजुरीच्या तुरुंगात जाऊन पडतो. तिथं एका रात्री कैद्यांना एका छोट्या चर्चमध्ये सिनेमा दाखवायला नेतात. पायांत साखळ्या. पडद्यावर डिस्नेचं कार्टून, प्लूटो कुत्र्याच्या पायांना आणि शेपटीला चिकट कागद चिकटलाय आणि तो सुटता सुटत नाहीये. सगळे कैदी पोट धरून हसतात. सलिव्हन आजूबाजूला बघतो आणि त्याच्या लक्षात येतं, की आपणही हसतोय. त्या माणसांकडे त्या दिवशी दुसरं काहीच नव्हतं. जमलं तर जरूर बघा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर भाग्यच.

असो. डोळ्यांचा विषय निघालाय तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' राहून चालणार नाही. डोळ्यांचं आणि आपल्या सिनेमाचं काय नातं आहे कोण जाणे! परेश मोकाशींचा हा सिनेमा, दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कसा केला त्याची गोष्ट. सिनेमाच्या वेडापायी फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. एवढी ओढाताण! दुसऱ्या कुणी केला असता तर या सिनेमात सरस्वतीबाई पदरानं डोळे पुसताना चार वेळा दिसल्या असत्या आणि मागं सनई वाजली असती. मोकाशींच्या सिनेमात काय होतं? घरातलं सामान विकलं जातंय आणि मुलं मजेत आहेत, बाप नवीन खेळ करतोय म्हणून. नंदू माधवांचे फाळके हसतमुखानं धडपडत राहतात आणि विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई नवऱ्याकडे "आता हे काय नवीन" अशा नजरेनं बघत सगळं शिकून घेतात. फाळक्यांचं पुढचं आयुष्य कष्टात गेलं, हे आपल्याला माहीत आहे. सिनेमा तिथपर्यंत जात नाही, यशाच्या टप्प्यावर थांबतो. ही लबाडी आहे का? मला नाही वाटत. गोष्ट सांगणारी आजीसुद्धा कुठं थांबायचं ते ठरवतेच की. मुलं झोपली म्हणजे झालं.

त्याच मोकाशींचा २०१४ चा 'एलिझाबेथ एकादशी'. पंढरपूर. वडील नाहीत. स्वेटर विणणारी आई, हप्ते थकल्यामुळे जप्त झालेलं तिचं मशीन, आणि वडिलांनी करून दिलेली मुलाची सायकल विकायची वेळ. मुलं यात्रेत बांगड्यांचं दुकान लावतात. या सिनेमात पैशाचा हिशेब आहे, प्रत्येक रुपयाचा. म्हणून तो खरा वाटतो. ज्या सिनेमात पैसे कुठून आले ते सांगत नाहीत, त्यातला आनंद मला पचत नाही. गरीब पोरगं एका गाण्यात श्रीमंत झालं तर टाळ्या वाजवायच्या कशाला?

हाच माझा राग "प्रेरणादायी" नावाच्या सिनेमांवर आहे. पोस्टरवर तो शब्द दिसला की मी सावध होते. ठरलेलं असतं हो. हरणारा संघ, रागीट प्रशिक्षक, पावसात पळणं, मध्यंतरानंतर भांडण, शेवटची दहा मिनिटं संथ गतीत, मागं मोठा ढोल. तेवढा वेळ अंगावर काटा येतो, नाही असं नाही. पण पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत तो गेलेला असतो. उलट २०२३ चा 'ट्वेल्थ फेल' बघा. तोही परीक्षा, अपयश, पुन्हा परीक्षा असाच आहे, पण त्यात पिठाच्या गिरणीत दळण दळत अभ्यास करणारा मुलगा आहे, त्याच्या अंगावरचं पीठ खरं आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तो लागला तेव्हा फार गाजावाजा नव्हता. बघून आलेल्यांनी सांगितलं, मग लोक गेले, मग तो महिनोन्महिने राहिला.

आणि यावरून मी माझ्या शोधण्याच्या पद्धतीवर येते.

पहिल्या शुक्रवारी मी जात नाही, अगदीच कुणाचा भरवसा असल्याशिवाय. पहिले तीन दिवस जाहिरातीचे असतात. सोमवारी-मंगळवारी थिएटरात कोण जातंय, ते बघायचं. पण यात मराठी सिनेमाची अडचण आहे, ती तुम्हाला ठाऊक असेलच. सोमवारपर्यंत थांबावं, तर तोवर शो उरतात किती? सकाळी साडेनऊचा एक आणि गावाबाहेरच्या मॉलमध्ये रात्री पावणेअकराचा एक. साडेनऊला नोकरी करणारी माणसं जाणार कशी आणि पावणेअकराला आईला नेणार कसं? २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमा मुख्य वेळेत दाखवा असं सांगितलं होतं. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं होतं, त्यावरून गदारोळ झाला, मग दुपारी १२ ते रात्री ९ झालं. दुपारी १२ ही मुख्य वेळ कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. निवृत्तांची असेल. तर निवृत्त मंडळींनो, तुम्ही तरी जा. मंगळवारी दुपारी तुम्ही वीस जण गेलात तर पुढच्या शुक्रवारी तो खेळ टिकण्याची शक्यता वाढते, आणि मग आम्ही शनिवारी येऊ.

दुसरं म्हणजे, बघून आलेल्याला "कसा आहे?" विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "बरा आहे" किंवा "एकदा बघायला हरकत नाही". विचारा, "बघून आल्यावर तू काय केलंस?" हे विचारून बघाच. कुणी सांगतं, गप्प झोपलो. कुणी सांगतं, वहिनीला फोन केला. कुणी सांगतं, उगाच पोरांना आइस्क्रीम खाऊ घातलं. मला सिनेमाबद्दल काय कळायचं ते कळतं. २०२३ च्या जुलैत 'बाईपण भारी देवा' बघून बायका थिएटरच्या आवारातच फुगड्या घालत होत्या. नऊवारी नेसून, गट करून आलेल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींचा सिनेमा. समीक्षा वाचायची गरजच नव्हती, रस्त्यावरून दिसत होतं.

तिसरं, जमल्यास आधीचा शो सुटताना दारापाशी उभं राहा. हे एकपडदा थिएटरात सोपं होतं. लालबागच्या भारतमातापाशी किंवा आमच्या पुण्यात प्रभातपाशी सहाच्या खेळाच्या रांगेत उभं राहिलं की तीनच्या खेळाची माणसं समोरून यायची आणि त्यांचे चेहरे फुकट वाचायला मिळायचे. प्रभात त्या नावानं २०१४ च्या डिसेंबरात बंद झालं, पुढं किबे लक्ष्मी म्हणून उघडलं. मल्टिप्लेक्समध्ये एका दारानं आत घालतात आणि जिन्याच्या मागच्या दारानं, अंधाऱ्या बोळातून, पार्किंगमध्ये सोडतात. चेहरे दिसतच नाहीत. तरी सांगते, तिथल्या डोअरकीपरला विचारा. तो पोरगा दिवसाला पाच वेळा तोच शेवट बघतो आणि लोक कसे उठतात ते त्याला पाठ असतं. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "मॅडम, याला लोक शेवटची पाटी संपेपर्यंत बसतायत." मी लगेच खिडकीवर गेले.

आणि चौथं, एकट्यानं घरी मोबाइलवर बघून मन हलकं होत नाही, निदान माझं होत नाही. तोच विनोद, तोच नट, पण पुढच्या रांगेतली बाई मागं वळून हसत नाही ना. त्या बाईचे पैसे तिकिटात धरलेले असतात, असं समजा.

काहीच लागलेलं नसेल, असेही आठवडे येतात. मग गावात फिल्म सोसायटी आहे का बघा. पुण्यातल्यांना राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जानेवारीच्या सुमाराला पिफ असतो. कुठं जुना 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' किंवा शांतारामांचा एखादा लागला तर लहान मुलांना घेऊन जा. आणि घरात कुणी महिनोन्महिने गप्प असेल, तर आधी त्यांची अट विचारून घ्या. दवाखाना चालेल का, फोटो चालेल का, कुत्रं मेलेलं चालेल का. हसू नका, ही शेवटची अट माझ्या मुलाची आहे, आणि तो आता वीस वर्षांचा आहे.

या शुक्रवारी तीन मराठी खेळ लागतायत म्हणतात. मी मंगळवारपर्यंत थांबते. तुमच्यापैकी कुणी आधी गेलं तर बाहेर आल्यावर काय केलंत, ते कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.